तिसरी तार

कशेळे,
ता. ३ ऑक्टोबर १९८३

चि. पदूस, अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी मी ओटी सारवली, तांदूळ निवडले, भाकऱ्या थापल्या आणि सगळा वेळ परसातून मोटारीची घुंऽ ऐकू येत होती. पाणी चढत नव्हतं, मोटार नुसती घुमत होती. तुझे दाजी ती बघायला गेले, ते चालत परत आले नाहीत. सात वर्षं झाली. आज हे लिहायचं कारण तू पाठवलेली कॅसेट. दोन गाण्यांच्या मध्ये तीच घुंऽ आहे.

शेजारच्या अंबाबाईच्या टेपवर चार वेळा ऐकली. गिटार मला फार आवडली. तू तारांवर लोखंडी कांडी फिरवून सूर ओढतोस, तेव्हा कुणी उंबऱ्यात उभं राहून जाऊ की नको करतं, तसं वाटतं. कॅसिओतला ढोल मात्र नको. तो दमत नाही, म्हणून नाचवतही नाही. अंबाबाईला तोच आवडला. म्हणाली, तुला मेलं सगळं रडकंच लागतं.

ती घुंऽ तेवढी काढता आली तर काढ. मला सोसत नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
सोनूताई


साजगाव,
ता. ११ ऑक्टोबर

ती. गं. भा. सोनूताईस, पदूचा शि. सा. नमस्कार.

ढोलाला नावं ठेवलीस ती गजाला वाचून दाखवली. कॅसिओ तोच वाजवतो. म्हणाला, ताईला इकडं आण, नाय नाचवली तर कॅसिओ विकीन. पण मला दोन्ही लागतं गं. खाली कॅसिओचा ठोका आणि वर माझी रडकी गिटार. नुसती गिटार म्हणजे भाताशिवाय कालवण.

तुझ्या शब्दाखातर घुंऽ काढली. गजाने ॲम्प्लिफायरच्या वायरीतली तिसरी तार तोडून टाकली. तिचं काही कामच नव्हतं. आता आवाज काचेसारखा. गंमत म्हणजे, बोटं तारांवर असताना माईकला ओठ लागले की ओठांना मुंग्या येतात. गजा म्हणतो, सूर अंगात येतोय रं तुज्या.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा आहे. यंदा आमच्या ॲम्प्लिफायरलाही झेंडूची माळ घालणार, पाणी शिंपडणार आणि लगेच वाजवायला बसणार. तू ये. गातोही मीच आहे.

लहान भावावर लोभ असू दे.

तुझा,
पदू


कशेळे,
ता. २१ ऑक्टोबर

चि. पदूस, अनेक आशीर्वाद.

गजाचं पत्र आलं. खंडेनवमीला ॲम्प्लिफायरची वायर त्यानेच पळवली असं समजून तू त्याच्या अंगावर धावून गेलास. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी नवी वायर आणलीस, तीही दोनच तारांची. ती जोडायच्या आधी हे पत्र पुरतं वाच.

गजाचा काही दोष नाही.

दाजी गेले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. पंचनाम्याचा कागद घरात पडून होता. तो समजून घ्यायचाच म्हणून मी एकेक अक्षर जुळवत वाचायला शिकले. त्यात लिहिलंय की मोटारीची जमिनीत जाणारी तार तुटलेली होती. तीच तुझी तिसरी तार. करंट माणसातून न जाता तिच्यातून मातीत जातो. जाण्याच्या आठ दिवस आधी दाजी मला म्हणाले होते, मोटारीला हात लावला की मुंग्या येतात. मी हसून म्हटलं, म्हातारपण आलं.

तुझं पत्र खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आलं. मुंग्यांची ओळ वाचली आणि पुढचं बराच वेळ वाचवेना. घुंऽ काढ असं मीच लिहिलं होतं, पदू. माझ्या आवडीसाठी तू ती तार तोडलीस. तोंडाने सांगितलं असतं तर तू हसला असतास, जशी मी हसले. उलट पत्र पाठवायला वेळही नव्हता.

तिन्ही तारा जोडून घे. घुमली तर घुमू दे, मी ऐकीन. रागवायचं तर रागव, पण अबोला धरू नकोस.

खंडेनवमीला मी पहिल्या एस्टीने साजगावला आले. तू फुलं आणायला खोपोलीला गेला होतास. मी कारखान्याच्या शेडमध्ये जाऊन ॲम्प्लिफायरचा प्लग उपटला, विळ्याने वायर कापली आणि तुकडे विहिरीत टाकले.

सोनूताई