नववा प्रश्न

१८ जून २०१८

दोन बाकं, औषधांची मांडणी, तपासणीच्या पडद्याची चौकट आणि कागद ठेवायची सागवानी पेटी. सगळं माझ्या हातचं. कोणा मिस्तरीकडे एक दिवस शिकलो नाही. पेटीच्या सांध्यात पोस्टकार्डसुद्धा शिरत नाही. हे सामान टेम्पोत घालून आज निलंग्याहून लातूरला आलो. डॉक्टर सरोजिनीबाईंनी काम बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, रेवणप्पा मामा, आता इथंच राहा, नोंदणीचं टेबल सांभाळा. दवाखाना क्लासेसच्या गल्लीत आहे. खोली स्वच्छ आहे. मन प्रसन्न.

२१ जून

कामाची पद्धत लिहून ठेवतो. बारा वर्षांवरचं मूल खोकल्याला येवो की पोटदुखीला, बाकावर बसलं की त्याला एक कागद द्यायचा. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न: झोप, भूक, उदासी वगैरे. प्रत्येकापुढे चार चौकोन, 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ रोज'पर्यंत. नववा प्रश्न असा: आपण नसतो तर बरं, असं वाटतं का? बाईंनी बजावलं, की एखादी जागा कोरी राहिली तर मला सांगा, मी पोराला एकटं बसवून विचारीन. झाडलोट करणाऱ्या लक्ष्मीबाई म्हणाल्या, आमच्या येळी तोंड पाडून बसलं की माय शेण काढायला लावायची, लगेच गुण यायचा. मी हसलो.

२८ जून

नववा प्रश्न बरीच पोरं सोडून देतात. अर्धवट कागद मला बघवत नाही. बिनकडीच्या दारासारखा वाटतो. बाईंपुढे रोज साठ पेशंट. पोरांचे चेहरे तर मी बघतोच, चांगली हसतखेळत असतात. म्हणून त्यांच्या नवव्यात 'कधीच नाही'वर मीच खूण करतो. निळी, चौकोनाच्या बरोबर मध्ये. आजवर बारा. बाई म्हणाल्या, मामा आल्यापासून कागद कसे पूर्ण येतात.

४ जुलै

मुदखेडची भार्गवी, वय सोळा, डोकेदुखी. समोरच्या अनंतरावांच्या वसतिगृहात राहते. तिनं हळूच विचारलं, काका, हा शेवटचा सोडला तर चालेल का? मी म्हणालो, चालतंय की. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. ती आत वळल्यावर मी खूण केली, माझी अठरावी.

५ जुलै

सकाळी पेटी उघडली. भार्गवीच्या कागदावर माझी खूण नाही. खोडल्याचा डाग नाही, कागद विरलेला नाही. खूण 'जवळजवळ रोज'मध्ये आहे. आणि उलटी, लांब शेपूट डावीकडे. किल्ली एकच, ती माझ्या करगोट्याला. लक्ष्मीबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मला सही येत न्हाई बाबा, खुना कुठल्या करू! नवा कागद घेऊन सगळं सुबक उतरवलं. जुना फाडला.

७ जुलै

नव्यावरही उलटी खूण. पुन्हा उतरवला. पेटीला दुसरं कुलूप. नव्या पोरांच्या कागदांवर खुणा करणं थांबवलं.

९ जुलै

भार्गवी आली होती. गर्दी बघून दारातूनच फिरली. मी हाक मारली नाही. दुपारी, लख्ख उजेडात, तिचा कागद हातात असताना — शाई सरकली. मुंगी चालावी तशी, चौकोनातून चौकोनात. बाईंना सांगायला उठलो. पण सांगायचं काय? की अठरा पोरांच्या वतीनं मी — बसलो परत.

१० जुलै

ती उलटी खूण मी पहिल्याच दिवशी ओळखली होती. चांगुणा. माझी बहीण, डावखुरी, पाटीवर अशाच खुणा करायची. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात होतो. ती चौदाची. डॉक्टर तिला विचारत होते, झोप लागते का, जगावंसं वाटतं का. ती गप्प. मीच म्हणालो, बरी हाय ती, कायबी न्हाई तिला. डॉक्टर पुढच्या शेडाकडे गेले. त्याच आठवड्यात ती —

उद्या सांगतो बाईंना.

११ जुलै, सकाळ

भार्गवी खोलीत नाही. अनंतरावांचा माणूस विचारायला आला. त्याच्यादेखतच बाईंना सगळं सांगितलं. त्या तशाच उठल्या, अनवाणी धावल्या.

दुपार

सापडली. श्वास चालू आहे. एवढंच कळलं —

गठ्ठा उघडला. बाकी सतरा कागद. कुठे शाई सरकते आहे, कुठे सरकून थांबली. बाईंना फोनवर एकेक नाव वाचून देतोय. सहा झाली —

चार वाजता

अनंतराव येऊन बसले आहेत. म्हणतात, भार्गवीचा 'कधीच नाही'वाला कागद द्या, वसतिगृहात तिला काही त्रास नव्हता हे पोलिसांना दाखवायचं आहे. तसा कागद उरला नाही म्हणालो. ते म्हणाले, मग एक नवा बनवा की मिस्तरी, तुमच्या हाताला तर सवयच हाय. आणि बाकीचा गठ्ठा जाळा.

नाही म्हणालो.

अकरा नावं राहिली — फोन लागत नाही — टेबलावर कोणीतरी डाव्या हातानं खुणा करतंय —

पोलिसांसाठी रक्कम लिहून ठेवतो. दोनदा सांगितली त्यांनी. अडीच लाख रुपये, रोख, आत्ता, याच टेबलावर देतो म्हणतात. मी सातवं नाव सांगायला बाईंना पुन्हा फोन लावतोय —