गाण्याचे पुठ्ठे

६ ऑक्टोबर १९५३, बरबँक

काम मिळालं! टेलिव्हिजनच्या स्टुडिओत पुठ्ठे धरायचे. कॅमेऱ्याला खेटून उभं राहायचं आणि ठळक अक्षरांत लिहिलेली वाक्यं नटांना दाखवायची. संत्री तोडण्यापेक्षा बरं, निदान सावलीत तरी! आणि कार्यक्रम कुणाचा, तर ऑर्लीन ट्रास्कचा. तिच्या सिनेमांना आई मला कडेवर घेऊन जायची. आता सिनेमे थांबलेत. बाई दर शनिवारी टीव्हीवर गातात, गप्पा मारतात, कॉफीची जाहिरात करतात.

९ ऑक्टोबर

बाईंनी खोलीत बोलावलं. ताक पीत होत्या. "ओक्लाहोमाचा ना तू? मग मी तुला तुमच्याकडच्या शहराच्या नावाने तुल्साच म्हणणार." मग हळूच, "बोलायचे पुठ्ठे सगळेच वापरतात. तू त्यांच्या पाठीवर माझ्या गाण्याचे शब्दही लिही. आपल्या दोघांत राहू दे."

गाणं त्यांचंच. आख्ख्या देशाला पाठ आहे! म्हटलं, मोठ्या माणसांचे चोचले. लिहून दिलं. माझं स्पेलिंग बघून त्या खो खो हसल्या. "तुल्सा, तू लिहिलेलं हे 'हृदय' आधीच इतकं मोडलंय, की आता कुणी मोडूच शकणार नाही रे!"

१० ऑक्टोबर

पहिला कार्यक्रम छान झाला. पाय दुखतायत.

१७ ऑक्टोबर

काय केलं मी हे!

बाईंच्या आधी कुत्र्यांचा खेळ होता. झगे घातलेले पूडल, एक तर चक्क तबकडीवर नाचत होतं. त्याला गोंजारायला पुठ्ठे खाली ठेवले. तेवढ्यात "चल, चल!" — घाईघाईत उचलले, क्रम पाहिलाच नाही. सगळं थेट प्रक्षेपण चाललेलं. दुसरं कडवं संपलं, मी पुठ्ठा बदलला, तर पुन्हा दुसरंच कडवं! एक जास्तीची प्रत मीच लिहून ठेवली होती. बाईंनी ते पुन्हा गायलं. वाद्यं पुढे गेली. मग ला-ला-ला. मग हसून हात हलवला आणि जाताना पडद्यात पाय अडकला.

कुणी मला काही विचारलं नाही. मीही बोललो नाही.

१९ ऑक्टोबर

पेपरात आलंय — 'मिस ट्रास्क कॉफीऐवजी दुसरंच काही प्यायल्या होत्या का?' दिवेवाला कॅझ म्हणाला, "दारूचं काय घेऊन बसलास? या गावात कोण पीत नाही! नाताळापर्यंत लोक विसरतील." पण ती बाई ताक पिते रे! माझ्यामुळे तिला दारुडी म्हणतायत. जेवण गेलं नाही.

२१ ऑक्टोबर

आज दोन सुतार तेच कडवं झोकांड्या देत गात होते. बाई मागून आल्या. मला वाटलं, आता रडतील. तर त्यांनीच झोकांडी दिली आणि म्हणाल्या, "अरे, माझ्यासाठी उरवलीत की नाही?" सगळे हसले. मला बघून विचारलं, "तुल्सा, जेवलास का?"

जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी लपलोय आणि ती हसून सोसतेय! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ ऑक्टोबर

सांगून टाकलं!! थेट निर्माते ब्रंटसाहेबांकडे गेलो. ते सँडविच खात होते. म्हणालो, "बाई प्यायल्या नव्हत्या. चूक माझी. पुठ्ठे उलटसुलट झाले."

"बोलायचे ना?"

"नाही साहेब, गाण्याचे."

सँडविच खाली ठेवलं. "ते गाणं? तिचं स्वतःचं?"

"हो. मीच लिहून देतो ना, मागच्या बाजूला."

हात पुसले. मग माझी पाठ थोपटली. "चांगला पोरगा आहेस." हकालपट्टी होईल वाटलं होतं, झाली नाही. बाईंना दिलेला शब्द मोडला खरा, पण त्यांचं नाव तरी धुऊन निघालं! रस्त्याने शीळ घालत आलो.

२३ ऑक्टोबर

तालमीच्या खोलीत ब्रंटसाहेबांनी मला येऊ दिलं नाही. "आज पुठ्ठे नकोत." दार लोटलं. मी बाहेर उभा.

आतून साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "एकच कडवं, ऑर्लीन. माझ्यासाठी."

पियानोवर सुरुवातीचे सूर वाजले. थांबले. पुन्हा तेच सूर. पुन्हा थांबले. बाईंचा हसण्याचा आवाज, "आज घसा बसलाय." "नुसते शब्द म्हण ना." मग बाई, "पहिला शब्द तेवढा सांग, पुढचं येतं मला."

पियानोवाला बाहेर आला. माझ्याकडे न बघता निघून गेला.

२६ ऑक्टोबर

शनिवारी बाईंच्या जागी कुणी दुसरीच गायली. चाचपडली नाही कुठे. मी पुठ्ठे धरले.

२७ ऑक्टोबर

बाईंचे कपडे सांभाळणारी हॉर्टेन्सिया खोली आवरत होती. मी म्हणालो, दारूची आवई उठवणारा कोण, एकदा हाती लागू दे! तिने झगे पेटीत भरता भरता सांगितलं, "बाईंनीच फोन केला होता पेपरवाल्यांना. मी इथेच होते. म्हणाल्या, प्यायले होते असं लिहा."