दाढेत अडकलेला गळाचा दोरा

एल्क बेंड, मिनेसोटा
११ मार्च

प्रिय आर्डिसताई,

तुला आणि बर्टभावोजींना धाकट्या आर्लोचा नमस्कार. तुझा डावा गुडघा कसा आहे? भावोजींचं ऐकू येण्याचं यंत्र सापडलं का, की अजून ते नुसते हसून वेळ मारून नेतात? तुमच्या ॲरिझोनात लोक आत्ताच अर्ध्या बाह्यांत हिंडत असतील. इथे अजून मांडीइतकं बर्फ आहे. इकडे सगळं क्षेम आहे, आणि या खेपेला हा शब्द मी नुसता रीत म्हणून लिहीत नाही. का, ते सांगायलाच बसलोय. पण त्याआधी एक कबुली. पायांवर पांघरूण घे आणि ओरडू नकोस.

गेली अकरा वर्षं तू नाताळच्या प्रत्येक पत्रात विचारतेस, 'दातांच्या डॉक्टरकडे जातोस ना?' आणि मी न चुकता उत्तर देतो, 'हो, नेमाने.' ताई, मी अकरा वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. (चार वर्षांपूर्वी 'डॉक्टर हालब्रुक तुझी आठवण काढत होते' असं मी लिहिलं होतं ना? ते त्याच्या दोन वर्षं आधीच वारले होते. मला हे मागच्या महिन्यात कळलं. तू त्यांना परत नमस्कार कळवलास, तो माझ्याकडेच पडून आहे.) लहानपणी त्या स्टेन्स्रुड डॉक्टरच्या बोटाला तू चावली होतीस, ती चावून मोकळी झालीस. तुझ्यानंतर त्या खुर्चीत मी बसलो होतो, आणि सगळा राग त्याने माझ्यावर काढला होता.

तर झालं असं. जानेवारीत एक दिवस बर्फामुळे पेपर आला नाही. मी नोकरीतून मोकळा झालेला माणूस. रस्त्यावरचं बर्फ आता माझ्याशिवायच निघतं, आणि बरं निघतं, हे खिडकीतून बघणं फार क्लेशाचं असतं. वाचायला काही नाही म्हणून टपालातलं एक पत्रक उचललं. दातांच्या विम्याच्या योजनेने सभासदांना पाठवलेलं होतं: दात सांभाळा, शरीर सांभाळा, वगैरे. वर एका म्हाताऱ्या जोडप्याचं चित्र. दोघं सायकलवर, आणि दोघांचे मिळून चौसष्ट दात. मी म्हटलं, बघू तरी. पहिला सल्ला, दोन मिनिटं दात घासा. मी अंडी उकडायचं घड्याळ लावलं. ताई, मी वादळात बावन्न मैलांचा रस्ता एका दमात साफ केलेला माणूस आहे, पण ती दोन मिनिटं संपेनात. दुसरा सल्ला, ब्रश तीन महिन्यांनी बदला. माझा ब्रश आमच्या कर्स्टनच्या लग्नाच्या वेळचा होता, आणि आता तिची मुलगी तिसरीत आहे. पुढे, गोड पेयांऐवजी पाणी प्या. हिरड्या सुजल्या तर हृदयालाही धोका, म्हणून रक्तदाब बघत जा. रात्री झोपेत दात खाऊ नका. हे सगळं मी मान डोलवत वाचलं. मग 'तंबाखू सोडा' असं आलं. तिथे मी पत्रकाला घडी घातली, म्हणजे ती ओळ आत गेली.

राहिला फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटींतून फिरवायचा दोरा. तो घरात नव्हता. दुकान चार मैलांवर, बाहेर उणे वीस. पण माझ्या मासेमारीच्या पेटीत आठ पौंडांचा मासा पेलणाऱ्या दोऱ्याचं अख्खं रीळ पडलं होतं. मी म्हटलं, दोरा तो दोरा. (हसू नकोस. पत्रकात 'कुठला दोरा' हे लिहिलंच नव्हतं.) तो बोटांतून निसटत होता म्हणून त्याला मी माझी ठेवणीतली गाठ मारली, ओढावी तितकी घट्ट बसणारी. ती खालच्या शेवटच्या दोन दाढांच्या मधून खाली उतरली आणि हिरडीत जाऊन बसली. मी ओढलं. ती आणखी बसली. चाळीस वर्षं मी माशांच्या तोंडाला जे केलं, ते मला त्या वेळी एकदम आतून कळलं. शेवटी नखं कापायच्या कात्रीने शेपूट छाटलं, उरलेलं दोन इंच गालात गुंडाळून ठेवलं, आणि मार्लिसला काही बोललो नाही; बायकोला कशाला घोर?

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चच्या तळघरात जेवण होतं, मीटबॉल आणि उकडलेले बटाटे. मी एका बाजूने चावत होतो. तेवढ्यात पास्टरीणबाई माझ्याकडे टक लावून म्हणाल्या, "आर्लो, तुझ्या ओठातून काहीतरी लोंबतंय."

"शेवई आहे," मी म्हणालो आणि सुर्रकन आत ओढली.

गाडीत बसल्यावर मार्लिसने पट्टा लावला. मग म्हणाली, "आज शेवया कुठे होत्या रे?"

सोमवारी सकाळी माझा गाल डोनटसारखा फुगला, तेव्हा मात्र मी दवाखान्यात फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "शेवटचं कधी आला होतात?" म्हटलं, "झाले थोडे." "किती?" "अकरा." "अकरा महिने?" मी फुगलेला गाल चोळला. तिने बहुतेक कागदावर खाडाखोड केली.

नव्या डॉक्टर म्हणजे फाम नावाची बाई. सेंट पॉलला वाढलेली, वय पस्तीसच्या आत, आणि हात असा हलका की स्टेन्स्रुडला पाठवून दाखवावा. तिने आत बघितलं आणि खो खो हसली. "ही गाठ माझे वडील मारतात," म्हणाली. "मोठा मासा असला की." दोन मिनिटांत (पत्रकातली ती दोन मिनिटं नव्हेत, खरी) दोरा बाहेर. मी खुर्चीतून उठायला लागलो तर म्हणाली, "बसा की. वर्षातून दोन तपासण्या तुमच्या योजनेत फुकट आहेत. अकरा वर्षांच्या तुंबल्यात, त्यातली एक तरी वापरा." मग तिने जीभ कापडाने धरून इकडून तिकडून बघितली, गाल बघितले, आणि खालचा ओठ पुढे ओढला.

आणि हसायची थांबली.

ताई, तिने मला आरसा दिला. मी जिथे चिमूट ठेवतो तिथे, ओठाच्या आत, पांढरा चट्टा होता. सुरकुतलेला, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटासारखा. "हा कधीपासून आहे?" तिने विचारलं. मला ठाऊकच नव्हतं. बावीस वर्षांचा असल्यापासून मी तिथे तंबाखू ठेवतोय, पण तिथे वाकून कधी बघितलं नाही. पहिली चिमूट मला कुणी दिली हे तुला आठवत असेल. सेल्मरकाकांनी. आणि काकांचा अर्धा जबडा कसा काढावा लागला, शेवटच्या वर्षी ते पेला धरून कसे प्यायचे, हेही आठवत असेल. मी खुर्चीत बसल्या बसल्या तो पेलाच बघत होतो. डॉक्टरीण म्हणाली, "बहुतेक साधंच असेल, पण 'बहुतेक'वर मी कुणाला घरी पाठवत नाही. तुकडा काढून तपासू."

पुढच्या आठवड्यात डुलुथला जाऊन सर्जनकडून ओठाला दोन टाके घालून आलो. मार्लिसला सांगितलं होतं, ट्रॅक्टरचा एक भाग आणायला चाललोय. परत आल्यावर सांगितलं, वाटेत सँडविच खाताना ओठ चावला गेला. (भाग मिळाला नाही, हेही सांगितलं. खोट्यात एवढी तरी शिस्त हवी.) निकालाला दहा दिवस. तंबाखूची डबी मी त्याच दिवशी शेगडीत टाकली, झाकणासकट, आणि घरभर असा वास सुटला की शेजारचा द्वेन विचारायला आला, काही मेलंय का.

ते दहा दिवस तुला कसे सांगू? मी गाजरं खात होतो आणि घर आवरत होतो. विजेच्या प्रत्येक बटणावर चिठ्ठी लावली: हे तळघराचं, हे विहिरीच्या पंपाचं. गाडीचं तेल कधी बदलायचं ते कॅलेंडरवर पुढच्या तीन वर्षांचं लिहून ठेवलं. एक दिवस मार्लिसला अंगणात नेलं आणि बर्फ उडवायचं यंत्र कसं चालू करायचं ते शिकवलं. थंडीत आधी ही कळ ओढायची, मग हे बटण तीन वेळा दाबायचं, मग दोरी. ती शहाण्या पोरीसारखी ऐकत होती. "पुन्हा सांग," म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. मग मी यंत्रामागे जाऊन नाक शिंकरलं, बराच वेळ. तिला म्हटलं, थंडी फार आहे.

अकराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, येऊन जा. गेलो तर म्हणाली, "बसा." म्हटलं, "उभ्यानेच सांगा, बसलो तर उठवत नाही." ती म्हणाली, "आर्लो, कॅन्सर नाही." मी विचारलं, "नाही?" "नाही." "म्हणजे नाहीच?" ताई, मी तिसऱ्यांदाही विचारलं, आणि त्या पोरीने तिसऱ्यांदाही न चिडता तेच सांगितलं. तंबाखूने कातडी जाड झाली होती, एवढंच. पुन्हा हात लावला नाही तर काही आठवड्यांत चट्टा जाईल, मात्र दर तीन महिन्यांनी दाखवायचं. मग जरा खाकरून म्हणाली, "पण सहा दात किडलेत." सहा! एरवी मी छातीला हात लावला असता. त्या दिवशी मात्र सहा किडके दात म्हणजे कुणी सहा गाई भेट दिल्यासारखं वाटलं. मी तिचे दोन्ही हात धरून आभार मानले. बाहेर येऊन ट्रकमध्ये बसलो आणि एकटाच तोंड उघडून हसत सुटलो, काचेवर वाफ धरेपर्यंत.

त्या रात्री मार्लिसने ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्यांची हॉटडिश केली होती. मी तीनदा वाढून घेतली. बटाटा इतका चवदार असतो हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. मार्लिसला यातलं अजून काहीही ठाऊक नाही, आणि आता सगळं निभावल्यावर तिला कशाला घाबरवायचं? तू मात्र एवढं कर: आरशासमोर उभी राहा, ओठ उलटा करून बघ, आणि भावोजींचाही बघ. ऐकू आलं नाही तरी तोंड उघडता येतं.

तुझा,
आर्लो

ता. क. आता मुद्द्याचं. त्या दहा दिवसांत एकदा मन फार हळवं झालं, आणि मी द्वेनला माझी मासेमारीची बोट देऊन टाकली. "माझं काही खरं नाही, तू वापर," असं म्हणून किल्लीही हातात ठेवली. त्याने मला मिठी मारली. आता बर्फ वितळायला दोन महिने उरलेत, मी ठणठणीत आहे, आणि माझ्याकडे बोट नाही. तेव्हा तू द्वेनला एक कडक पत्र लिही, की ती बोट आपल्या बाबांची आहे, तिच्यात तुझा अर्धा वाटा आहे, आणि तुझ्या संमतीशिवाय ती कुणाला देता येत नाही. (बोट मी स्वतः विकत घेतलीय हे द्वेनला माहीत नाही.) मार्लिसला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा, मार्लिसच्या हातचा. आर्डिसताई, नमस्कार. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडेच दिलंय, आणि चिकटवलेलंही नव्हतं. दातांची योजना माझ्या नावावर आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात मी सव्वीस वर्षं काढली, त्याची ती. आर्लो तिच्यात फक्त माझा नवरा म्हणून आहे. त्यामुळे दर भेटीचा कागद माझ्या नावाने येतो. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'हे बिल नाही', आणि खाली काय काय केलं ते. डुलुथचा कागद आला तेव्हा मी तो घेऊन कोठीच्या खोलीत स्टुलावर बसले होते. बोलले नाही. तो इतक्या कष्टाने लपवत होता की त्याचं लपवणं मोडवेना. निकालाच्या दिवशी माझी गाडी दवाखान्यासमोरच्या धान्याच्या दुकानाच्या आडोशाला उभी होती. तो ट्रकमध्ये एकटाच हसताना दिसला, तेव्हा मी घरी येऊन बटाटे सोलायला घेतले.

द्वेनला पत्र लिहू नका. तो त्याच संध्याकाळी किल्ली माझ्याकडे देऊन गेला होता. म्हणाला, "वहिनी, हा मे महिन्यात परत मागेल." मे महिन्यापर्यंत किल्ली पिठाच्या डब्यात राहील. थोडं झुरू दे.

आणि ते बर्फाचं यंत्र. ताई, तीस वर्षं हा माणूस पहाटे चारला सरकारी रस्ते साफ करायला जायचा. तेव्हा आमचं अंगण कोण साफ करत होतं असं त्याला वाटतं? थंडीत ते बटण तीनदा नाही, पाचदा दाबावं लागतं. पण त्या दिवशी त्याला काहीतरी शिकवायचं होतं, म्हणून मी पुन्हा सांग म्हणाले.