यादीतून गाळलेली वाट

अल ऐन
रविवार, ११ जानेवारी

प्रिय उर्मिला,

हे पत्र दियाच्या हाती देतेय. फोनवर बोलले असते तर दुसऱ्याच वाक्याला तू 'जाऊ दे गं' म्हणाली असतीस आणि मी खरंच जाऊ दिलं असतं. म्हणून कागद घेतला. हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर सहीपलीकडे हातानं काही लिहावं लागत नाही, त्यामुळे वसईच्या शाळेतलं ते गिरवलेलं अक्षर पार बिघडलंय. सांभाळून घे.

तुझी लेक मोठी झाली गं. दुबईत नोकरीला लागल्यावर नोव्हेंबरमध्ये ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. दाराबाहेर बूट काढून ते नीट जोडीनं भिंतीशी ठेवले, अगदी तुझ्यासारखे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि निघायचं झालं की 'यल्ला आंटी' म्हणून उठते. तिच्या ऑफिसातली मुलं थंडीत दर शनिवारी डोंगरात जातात. त्यांच्यासाठी अल ऐनजवळच्या चांगल्या पायवाटांची यादी करून द्या म्हणाली. ॲनेट आंटीइतकं त्यातलं कुणाला कळत नाही असं आई सांगते. तू अजून असं सांगतेस, उर्मिला?

यादी केली. पहिली अर्थात हफीत डोंगराची. आपली सुरुवात तिथूनच झाली. सिरिल जाऊन, मी विधवा होऊन वर्षही झालं नव्हतं. मी ड्युटीवरून येऊन भिंतीकडे बघत बसायचे, आणि तू एका शुक्रवारी शाळेच्या पीटीचे कॅनव्हासचे बूट घालून दारात उभी राहिलीस. बकऱ्यांच्या वाटेनं आपण निम्मा डोंगर चढलो, धापा टाकत दगडावर बसलो आणि तू डब्यातून दशम्या नि लसणाची चटणी काढलीस. खाली सगळं तपकिरी आणि मधोमध खजुरांच्या बागांचा हिरवा तुकडा. त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले होते. दुसरी शोका धरणाची फेरी, जिथे माझा ग्लेन पाण्यात घसरला आणि तू त्याचे मोजे खडकावर वाळत घातलेस. मग हत्ताच्या रंगीत खुणांच्या दोन वाटा. पाचवी ती सपाट, वाळूतली, जिच्यावर आपण फक्त गप्पा मारायला जायचो. प्रत्येकीपुढे अंतर लिहिलं, महिना लिहिला, दहानंतर सावली कुठे मिळत नाही ते लिहिलं, माणशी किती पाणी न्यायचं तेही लिहिलं. पाण्याचा आकडा दोनदा खोडून पुन्हा लिहिला.

दियानं यादी वाचली आणि विचारलं, आई पडली ती वाट यात का नाही? ती वाट काही खास नाही, मी म्हटलं. खोटं बोलले. आपण चाललो त्या सगळ्या वाटांत तीच सुंदर होती.

मग ती हसत हसत तुमच्या घरातल्या गोष्टी सांगायला लागली. आई फार वेंधळी. एवढ्या उन्हात एकच बाटली घेऊन डोंगरात गेली, शिवाय एकटीच खाली उतरायला निघाली. घरात कुणी काही विसरलं की तुझे उपेंद्र म्हणतात, 'आईसारखे एका बाटलीवर निघालात का?' नातेवाईकांसमोरही म्हणतात. साधं मिरजेला जायचं तरी निघताना तुझी पिशवी उघडून बघतात. नऊ वर्षं होतील आता. आणि तूही हसतेस म्हणे सगळ्यांबरोबर. मी तेव्हा काय केलं सांगू? उठले आणि तिला आणखी चहा दिला.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी एकदा मला माझ्या हातानं लिहू दे, कारण आपण दोघी यावर कधी एक शब्दही बोललेलो नाही. मार्चचा शेवट होता. इतक्या उशिरा जायला नको, असं तू आदल्या दिवशीच म्हणाली होतीस. पण माझ्या हॉटेलातल्या ओवेस आणि मुनिबाला मी शिखर दाखवायचं कबूल केलं होतं, आणि त्यांच्यापुढे मला लीडर म्हणून मिरवायचं होतं. ते दोघं खिंडीपर्यंत पुढे गेले होते. तू मागे थांबून मला हलकेच म्हणालीस, "ॲनेट, मला गरगरतंय. आपण परत फिरू या." तुझा चेहरा पांढरा पडला होता. तो मी पाहिला होता. तरी म्हटलं, तू या कपारीच्या सावलीत बस, आम्ही अर्ध्या तासात आलो. आणि तुझ्या सॅकमधली भरलेली बाटली मी काढून घेतली. तुला बसूनच राहायचंय, तुझ्या हातातली अर्धी बाटली पुरेल, असंही म्हणाले. तू नाही म्हटलं नाहीस. तू मला कधी नाही म्हटलंस?

वर वाट चुकली. अर्ध्या तासाचे अडीच तास झाले. तुझं पाणी संपलं, तू वाट पाहून पाहून उठलीस, वादीच्या, त्या कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चुकीच्या फाट्याला वळलीस आणि घोटा मोडून दगडांत पडलीस. बकऱ्यांमागे फिरणाऱ्या एका म्हाताऱ्याला तू दिसलीस म्हणून वाचलीस. हेलिकॉप्टरनं तुला नेताना तू मला ओळखत नव्हतीस.

पोलिसांनी विचारलं, ही एकटी कशी? मी सांगितलं, तिनंच मागे थांबते म्हटलं, आणि पाणी कमी आणलं होतं. उपेंद्रना हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तेच सांगितलं. केस झाली तर माझा व्हिसा जाईल, ग्लेनची दहावी अर्धी राहील, एवढंच डोक्यात होतं. पाचव्या दिवशी तुला आयसीयूतून बाहेर आणलं. उपेंद्रनी माझ्यासमोर तुला विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस, बराच वेळ पाहिलंस, आणि म्हणालीस, "हो, माझंच चुकलं."

मी घरी येऊन देवाचे आभार मानले. हेही तुला कळू दे. तुझ्या घोट्यात प्लेट, शाळेची नोकरी सुटलेली, सहा महिन्यांत तुम्ही सांगलीला परत जाण्याची तयारी करताय, आणि मी आल्तारापुढे मेणबत्ती लावतेय. पुढे ग्लेन पास झाला, शिकला, अबुधाबीत नोकरीला लागला. मी तुला दर नाताळाला फोटो पाठवले. माफी मात्र कधी मागितली नाही, कारण मागितली तर झालं ते खरं ठरलं असतं.

काल दियाला मी त्या वाटेवर नेलं. तिनं हट्ट धरला होता, आणि मला वाटलं, तिथे गेलं की एक तर तोंड उघडेल किंवा कायमचं मिटेल. कपारीशी आलो आणि तिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "यू टुक हर वॉटर?" मी हो म्हटलं. ती उठली आणि एकटीच भराभर खाली उतरली. मी मागून ओरडून योग्य फाटा सांगत होते, तिनं वळून पाहिलं नाही. माझ्या बिल्डिंगखाली गाडीतून उतरताना, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मराठीत बोलली, "आंटी, मी आईवर हसत होते." तिचे डोळे मला बघवले नाहीत.

रात्रभर विचार केला. ती गुरुवारी सांगलीला येतेय. तिच्याकडे दोन पाकिटं देतेय. हे तुझं. दुसरं उपेंद्रच्या नावाचं, आणि ते त्यांना आधी द्यायचं असं दियाला बजावलंय. त्यात हेच सगळं आहे, बाटलीसकट, पोलिसांना काय सांगितलं त्यासकट. तू हे वाचशील तोवर त्यांचं वाचून झालेलं असेल. तुला आधी विचारलं असतं तर तू मला याही वेळी वाचवलं असतंस, म्हणून विचारलं नाही. ते चिडतील, फोन करतील, आणखी काही करायचं ठरवतील. मी फोन उचलीन आणि जे असेल ते ऐकून घेईन. तू मध्ये पडू नकोस. माझ्या वाट्याचं आता मलाच बोलू दे. उत्तराची अपेक्षा नाही, पण तुझ्या घरात तुला कुणी वेंधळी म्हणायला लागलंच, तर निदान उपेंद्रना आणि दियाला आता खरं माहीत असेल.

म्हणायची परवानगी राहिली असेल तर,
तुझीच
ॲनेट