रस्त्यामागची रोपं

गोआसो,
९ नोव्हेंबर

डुफीच्या बाबांना,

सप्रेम नमस्कार. ताकोराडीची खारी हवा तुम्हाला मानवली असेल. इथं सगळे बरे आहोत. डुफीचा खोकला गेला. कोकोच्या बिया वाळत घातल्यात. सासूबाई विचारतात, "रुसून भावाकडे गेलेला माणूस दोन पावसाळे राहतो का कुठं?" मी म्हणते, मासे आवडले असतील.

आता जंगलखात्याच्या तकीवाबाईंबद्दल. नाव वाचून पत्र फाडू नका. झाडं तोडायचा तुमचा परवाना खरा होता, हे त्याही मानतात. पण तोडलेल्या जागी रोपं लावून जगवायची, ही अटही त्यातच होती. तुम्ही रस्त्याकडेला हिरवीगार रांग लावलीत आणि मागं नुसते बुंधे सोडलेत. बाईंनी पुढचा परवाना अडवला. तुम्ही पाठवलेला बकरा त्यांनी पाणी पाजून परत धाडला.

तुम्ही गेल्यावर गावचे मुखिया, आपले नाना, यांनी त्यांना बोलावून घेतलं. "सही करून टाक, पोरी."

"करते की, नाना. माझ्याबरोबर मागं चला, जगलेली रोपं दाखवा. तिथंच करते."

नानांनी विषय पावसाकडे वळवला.

मग त्या आपल्या दारात आल्या. म्हणाल्या, "दंड घेऊन झाडं उगवत नाहीत. माणसं आहेत का तुमच्याकडे?" तुमचे लाकूडतोडे रिकामेच बसले होते. मी त्यांना आणि शेजारच्या बायकांना गोळा केलं. बाई स्वतः चिखलात गुडघे टेकून रोपं लावत होत्या. लाकूडतोड्यांतला आपला बा म्हणाला, "बाई, करवतीचा हात खुरप्याला लाजतो."

"लाजू दे. नवी नवरीही लाजतेच, मग घर चालवते."

ऑगस्टमध्ये नेहमीसारखा पाऊस थांबला, त्यात निम्मी रोपं गेली. मी म्हटलं, आता तरी सोडा. बाई माझ्याशेजारी बसून भाजलेलं केळं खात म्हणाल्या, "मेलेली परत लावायची, आफ्रियी." आवाज इतका मऊ, पण अट तसूभरही ढिली नाही. त्या दिवशी मला त्यांचा राग आला. आज वाटतं, आपल्या डुफीनं असं व्हावं.

काल त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या. आधीची रोपं माझ्या खांद्याला लागतात, नंतरची गुडघ्याला. लागवड मंजूर झाली. परवान्यावर सही मात्र तुम्ही जागेवर उभे राहून सगळं पाहिल्यावरच.

मागची बाजू बाईंना कुणी दाखवली, असं तुम्ही तेव्हा विचारत होतात. बावर संशय घेऊन त्याला चारचौघांत हाकलून दिलंत. तो काहीच बोलला नव्हता. पाहणीच्या दिवशी बाई आपल्या दारात पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा मीच म्हटलं, "रस्त्यामागंही जाऊन या." आपला ओढा आटत चालला होता, आणि तुम्हाला सांगून मी थकले होते.

याची माफी मी मागणार नाही. बाची मात्र तुम्हाला मागावी लागेल. तुम्ही हाकलून दिलंत, तरी रोपं लावायला सगळ्यांच्या आधी तोच आला होता.

या. रागावलेले असाल तर रागावलेले या.

अजूनही तुमचीच,
आफ्रियी