तुझा कॉम्प्युटर सुखरूप आहे

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून (गुडघा परवानगी देईल तितका) नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? गोळ्या घेतेस, की डबीत नीट लावून ठेवण्यावरच समाधान मानतेस? इकडे मी ठीक. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की फोनवर तू मधेच बोलतेस, आणि हा मजकूर सलग ऐकून घ्यायचा आहे.

मागच्या महिन्यात "घेऊन जा बाबा, नुसता धूळ खातोय" म्हणून तू भाऊजींचा कॉम्प्युटर आमच्या मंडळाला दिलास. तो सुखरूप आहे. वाचनालयामागच्या खोलीत आम्ही लोकांनी टाकलेली यंत्रं दुरुस्त करतो, त्यांवर मुक्त सॉफ्टवेअर चढवतो (म्हणजे कुणीही वापरावं, उघडून बघावं, सुधारावं असं), आणि मग गल्लीतली माणसं त्यावर छोटे सिनेमे, ध्वनिनाट्यं करतात. आमचा एक कडक नियम आहे. आलेल्या यंत्रातलं सगळं आधी पुसायचं, आत डोकावायचं नाही. देणाऱ्याच्या खाजगी गोष्टींत नाक खुपसणं वाईट. नियम मीच केला, फळ्यावर अक्षरही माझंच आहे. तेव्हा तुझा कॉम्प्युटर मी मोठ्या इमानाने पुसला.

तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. "मामा, त्यात बाबांनी माझ्या छकुलीसाठी बारा गोष्टी रेकॉर्ड केल्यात. तिच्या वाढदिवसाला हव्यात." भाऊजींचा आवाज आता दुसरीकडे कुठेच नाही, हे ती बोलली नाही, पण मला कळलं. मी "हो, हो" म्हणालो आणि स्टुलावर बसलो. स्टूल तिथे नव्हतं.

सुदैवाने माझं पुसणं वरवरचं होतं (लहानपणी मी फरशी कशी पुसायचो हे तुला माहीतच आहे). पुसलेलं परत काढणारं सॉफ्टवेअरही मुक्तच मिळतं. त्याने दोन हजार तुकडे काढून दिले. नावं गेलेली, नुसते आकडे. मग अख्खं मंडळ पट्ट्या चिकटवलेले हेडफोन लावून ऐकायला बसलं. आमच्या नर्सबाईंनी भाऊजींचा खोकला ऐकून वाफ घ्यायचा सल्ला कागदावर लिहून दिला. भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. शिंपीबुवांनी तुकडे जोडले, पण पहिल्या खेपेला कोल्ह्याच्या गोष्टीचं तोंड पोस्टमनच्या गोष्टीच्या धडाला शिवलं. कोल्हा पत्रं वाटत हिंडला. मंडळाला ती इतकी आवडली की "सुधारित आवृत्ती" म्हणून तशीच ठेवायचा ठराव आला, तो मी एका मताने हाणून पाडला.

तुकडा सातशे चारमध्ये भाऊजी कुणाला तरी सांगतात, "मेव्हण्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसला की घरातल्या वस्तू लपवाव्यात." तो नऊ जणांनी ऐकला, आणि दोघांनी पुन्हा लावायला सांगितला. असो. गोष्टी सापडल्या. काळजी नसावी.

तुझा,
अजून तरी भाऊ

ता. क. भाचीला यातलं काहीच माहीत नाही. तिला मी "कॉपी करायला जरा वेळ लागतोय" असं महिनाभर सांगतो आहे. कृपया तसंच राहू दे.

आणखी ता. क. गोष्टी सापडल्या म्हणालो, त्या अकरा. बारावी, आंधळ्या सुताराची, मधेच तुटते. आम्ही डिस्कला दोष दिला, शिंपीबुवांनी मला दिला. सगळे तुकडे पुन्हा चाळले. शेवटी कळलं की काहीच तुटलेलं नाही, रेकॉर्डिंगच तेवढं आहे. भाऊजी अडखळतात आणि हाक मारतात, "अगं, सुताराचं पुढे काय होतं?" आतून तू म्हणतेस, "आत्ता नाही, हात भरलेत, नंतर सांगते." मग ते हसतात आणि बटण बंद करतात.

रविवारी सकाळी मायक्रोफोन लावून ठेवतो. ये, आणि पुढचं सांग.