राखलेल्या कोंडाची फेरपाहणी

प्रति,
मा. पाहणी अधिकारी,
खाडीकाठ जमीन मूल्यांकन कक्ष,
नवी मुंबई.

विषय : मौजे बेलखार येथील कोंडाची दि. २५ ऑगस्टची फेरपाहणी रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपला दि. ९ जुलै १९९७ रोजीचा पंचनामा.

महोदय,

अर्जदार दादू पोशा कोळी, वय ७१, यांना लिहिता येत नसल्याने हा अर्ज त्यांच्या सांगण्यावरून गावचे निवृत्त शिक्षक मकबूल मुकादम लिहीत आहेत.

१. बेलखारच्या खाडीत तिवरांनी वेढलेले चार एकर खोल पाणी आहे. गाव त्याला कोंड म्हणतो. आषाढ लागला की नारळी पौर्णिमेपर्यंत तेथे कोणी जाळे टाकत नाही. मासळी तेथे अंडी घालते, पिले पुढे सगळ्या खाडीत पसरतात आणि त्यांवर पाच गावांच्या चुली वर्षभर चालतात. कोंड राखण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या अर्जदारांच्या घराकडे आहे.

२. ट्रक टर्मिनलच्या भरावासाठी आपले साहेब पाहणीस आले ते नेमके आषाढात. येथे मासेमारी चालते काय, असे त्यांनी विचारले. गाव नियम पाळते की नाही हे तपासायला सरकार आले, असा अर्जदारांचा समज झाला. त्यांनी छाती पुढे काढून सांगितले, "नाय सायेब, हितं कुनी जालं टाकीत नाय. माजी जबाबदारी हाय." साहेबांनी 'वापर नाही, उत्पन्न निरंक' असे लिहिले आणि अर्जदारांनी खाली आनंदाने अंगठा दिला. गावाने त्यांना अद्याप एका शब्दाने बोल लावलेला नाही, आणि तेच त्यांना सोसवत नाही.

३. हरकत घेतल्यावर कार्यालयाने २८ जुलैला फेरपाहणी ठेवली व उत्पन्न प्रत्यक्ष दाखवावे, असे कळविले. पौर्णिमेपर्यंत थांबावे म्हणून अर्जदारांनी चार खेपा घातल्या. फाइल थांबत नाही, असे उत्तर मिळाले. अखेर त्या दिवशी पहाटे अर्जदारांनी स्वतःच्या हाताने पहिले जाळे टाकले. अकरा पाट्या बोईट मासे निघाले, एकूण एक गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेले. अर्जदारांच्या पत्नी धोंडूबाई पाट्यांकडे पाठ करून बसून राहिल्या. सायंकाळी पाचपर्यंत सर्वांनी वाट पाहिली. साहेब कळंबोलीस वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला गेल्याचे नंतर समजले. तोवर मासळी नासली होती.

४. आता २५ ऑगस्ट ही नवी तारीख मिळाली आहे. कृपया त्या दिवशी येण्याची तसदी घेऊ नये. कोंडात दाखविण्यासारखे काही उरलेले नाही आणि ते कोणी संपविले, हे अर्जदारांना ठाऊक आहे.

५. भरावाबाबत अर्जदारांचे आता काही म्हणणे नाही. मात्र आपल्या छापील नमुन्यात 'किती काढले' असा रकाना आहे, 'किती राखले' असा नाही. तेवढा एक रकाना वाढवावा, ही हात जोडून विनंती. बेलखारला उशीर झाला. पण उद्या दुसऱ्या एखाद्या गावचा म्हातारा असाच खरे बोलेल, तेव्हा ते लिहून घ्यायला साहेबांकडे जागा असावी.

आपला नम्र व चुकलेला,
दादू पोशा कोळी
(डाव्या अंगठ्याची निशाणी)
मौजे बेलखार, दि. ३१ जुलै १९९७